तुझं इंजिन आणि आमची कोरी चादर

धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवूनच दिले असते, पण मध्ये एवढं अंतर आहे की माझा हात पोचेपर्यंत तुझे उरलेसुरले केसही जातील, म्हणून कागदावरून पाठवते आहे.

इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या डाव्या कानाने ऐकायचं सोडलं असं समजलं. भावजयबाईंना विचारलं तर त्या म्हणतील, लग्न झालं तेव्हापासूनच सोडलंय. त्यांनाही आशीर्वाद सांग, आणि ते आशीर्वादच आहेत, नमस्कार नाही, हे नीट सांग. त्या माझ्याहून लहान आहेत याचा त्यांना विसर पडतो. (हे शेवटचं नको लिहायला, असं सूनबाई म्हणते. लिही ग. पत्र माझं आहे, तुझी फक्त शाई.)

एरवी माझी पत्रं नात लिहायची. ती नोकरीसाठी दूर गेली, म्हणून आता सूनबाईला टेबलाशी बसवलंय. नात माझं बोलणं सुधारून लिहीत असावी असा मला जुना संशय आहे, कारण तेव्हा लोकांची उत्तरं फार गोड यायची. सूनबाई सुधारत नाही, मध्ये मध्ये उसासे टाकते. फोनवर बोलले असते, पण आमचा फोन तुझ्या भाच्याच्या खिशात असतो, आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे एवढं ओरडावं लागतं की गल्लीतल्या लोकांना वेगळं कळवायची गरजच राहत नाही.

तुझ्या इंजिनाचं काय झालं असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा तुझा भाचा नुसतं 'मस्त' म्हणाला. त्या मस्तमध्ये काय काय आलं, ते मी सविस्तर सांगते.

आमची लाँड्री तू पाहिली आहेस, तरी पुन्हा सांगते, कारण पाहिलेलं तुझ्या ध्यानात राहतं असा अनुभव नाही. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे बॉयलर आणि हौद, त्यामागे वाळवणाच्या तारा बांधलेलं अंगण. हॉटेलांचे टेबलपोस, न्हाव्याचे टॉवेल हे येऊन-जाऊन असतं. खरं घर चालतं ते रुग्णालयाच्या चादरींवर. ते काम सूनबाईने एकटीने मिळवलंय. तिकडच्या मेट्रनबाईंच्या दारात तिने इतक्या खेपा घातल्या की पहारेकरी तिला तिथलीच नर्स समजायला लागला होता. चादरी न्यायच्या-आणायच्या आमच्या छोट्या पेट्रोलच्या पिकअपमधून. तर ती पिकअप एका सकाळी, मळक्या चादरी भरून येताना, चढावर खोकली, थांबली, आणि बॉनेटमधून अशी वाफ निघाली की तुझ्या भाच्याला वाटलं आपण चुकून बॉयलरच सोबत आणला.

अशा वेळी शहाणा माणूस मेकॅनिकला बोलावतो. तुझ्या भाच्याने तुला फोन लावला. तू जन्मभर ट्रक चालवलेस, त्यामुळे पेट्रोलवर चालतं ते खेळणं, असं तुझं मत आहे. आणि तुझं मत तुझ्या कानामुळे आम्हा सगळ्यांना फोनबाहेर ऐकू आलं. म्हणालास, "डिझेलचं इंजिनच टाक. माझ्या जुन्या व्हॅनचं इंजिन अंगणात पडलंय, ते घेऊन जा. बॉडी गंजून गेली, पण इंजिनाला अजून तिची आठवणसुद्धा येत नाही." झालं. भाच्याला मामाचं बोलणं म्हणजे दगडावर कोरलेलं. सूनबाई एवढंच म्हणाली, की आहे तेच इंजिन दुरुस्त होत नाही का. तिच्याकडे तिच्या नवऱ्याने असं पाहिलं, जणू तिने रुग्णालयाच्या चादरी चुलीत घालायला सांगितल्या.

इंजिन ताडपत्रीत गुंडाळून आलं. तू ते काढताना भावजयबाई माहेरी गेल्या होत्या की झोपल्या होत्या हे मी विचारत नाही. (त्यांना ठाऊक नसेल तर हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. ठाऊक असेल तर वाच, त्यांनाही जरा करमणूक.)

आता आमचा शेजारी टर्नर. त्याचं लेथचं दुकान आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून आहे. त्याला सगळे सूतभर म्हणतात, कारण त्याच्या मते जगातली कुठलीही चूक सूतभराहून मोठी नसते. दार लागत नसेल, सूतभर. भिंत वाकली, सूतभर. त्याची बायको रागावून बहिणीकडे राहायला गेली होती तेव्हाही तो म्हणाला, काही नाही, सूतभर फरक पडलाय. या दोघांनी मिळून जुनं इंजिन उचललं. उचललं कशावरून, तर माझ्या वाळवणाच्या खांबांवर आडवा पाइप टाकून, त्याला साखळीची कप्पी अडकवून. इंजिन वर आलं आणि खांब खाली आले. दोन्ही हळूहळू, एकमेकांना मान देत. तारांवर हॉटेलचे टेबलपोस होते, ते जमिनीवर पसरले, आणि त्यावर तेल ठिबकत जुनं इंजिन येऊन बसलं. कोणाला लागलं नाही. टेबलपोस पुन्हा धुतले. सूनबाई त्या दिवशी माझ्याशीसुद्धा बोलली नाही. (ती म्हणते बोलले होते. मीठ मागितलं होतं, ते बोलणं मोजायचं असेल तर बोलली.)

इकडे धुणं भाड्याच्या हातगाडीवरून जात होतं. हातगाडी काही पळत नाही, त्यामुळे चादरी उशिरा पोचायच्या आणि मेट्रनबाई दारातच उभ्या असायच्या. त्या उंच, इस्त्री केल्यासारख्या ताठ, आणि त्यांना हसताना रुग्णालयात कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी सूनबाईला शांतपणे सांगितलं, की पुढच्या सोमवारी सकाळी वॉर्डातल्या चादरी बदलायच्या आत, स्वतःच्या गाडीने, पांढऱ्याशुभ्र चादरी आल्या पाहिजेत. नाही आल्या तर दुसरी लाँड्री विचारायला आलेलीच आहे. सूनबाईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुझा भाचा गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, होईल. गाडीखालचा माणूस होईल म्हणाला की नेमकं काय होईल, हे विचारायची सोय नसते.

अडचण अशी होती, की तुझं इंजिन आणि आमचा गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नव्हती. एकाची बोल्टची भोकं एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते, जिला दोन्हीकडची भोकं असतात. भांडलेल्या दोन जावांमध्ये सासूने बसावं तशी. ती प्लेट सूतभर कापून देणार होता, पण त्याला इंजिनाच्या पाठीचं नेमकं माप हवं होतं. इंजिन उचलून त्याच्या दुकानात नेणं शक्य नव्हतं, कारण खांब पडलेले. तेव्हा तुझ्या भाच्याच्या डोक्यात कल्पना आली. (कल्पना आली की तो कानामागे खाजवतो. ही खोड तुझ्याकडून आलेली.) रुग्णालयाकडून नव्या चादरींचा गठ्ठा आला होता, पहिल्या धुण्यासाठी. कोरी चादर कडक असते, कागदासारखी. त्याने त्यातली एक घेतली, इंजिनाच्या पाठीला काळं ग्रीस फासलं, आणि त्यावर चादर ताणून दाबली. ठसा काय सुरेख उठला. एकेक भोक गोल, एकेक कड स्पष्ट. मी स्वतः पाहिला. दोघेही त्या चादरीकडे असे बघत उभे होते, जसं लोक पाळण्यात डोकावतात. मग ती चादर त्यांनी टेबलाच्या टोकाला ठेवली आणि चहा प्यायला गेले.

टेबलाच्या टोकाला ठेवलेली मळकी चादर आमच्याकडे कुठे जाते, हे सांगायला नको. सूनबाईने ती उचलली, बॉयलरच्या पाण्यात उकळली, वाळवली, इस्त्री केली आणि घडी घातली. ग्रीसचे डाग काही पुरते गेले नाहीत, फिके होऊन राहिले. तिने डागाळलेल्या चादरींमध्ये ती बाजूला ठेवली. (तिला दोष देऊ नकोस. चादर दिसली की धुवायची, हे तिला मीच शिकवलंय.) दुसऱ्या दिवशी तुझ्या भाच्याने शोधाशोध केली, त्याला ती सापडली, आणि तो खूश झाला. म्हणाला, बरं केलंस, सुरकुत्या गेल्या, आता माप आणखी नेमकं निघेल. आणि सूतभराकडे घेऊन गेला.

सूतभराने प्लेट कापली. कामाला तो वाईट नाही, जसं माप दिसलं तसं हुबेहूब कापलं. दोघांनी ती इंजिनाला लावली. पहिला बोल्ट गेला. दुसरा गेला नाही. तिसरा तर भोकाच्या जवळपासही फिरकला नाही. प्लेट फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली, हातोडी मारून पाहिली. मग तुझ्या भाच्याने जाहीर केलं की मामाचं इंजिनच वाकडं आहे. आणि सूतभर, धाकट्या, तो सूतभर, प्लेटकडे बराच वेळ बघून म्हणाला, "हे काही सूतभर नाही." आजवर त्याच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलेलं नव्हतं.

तेवढ्यात सूनबाई वाळलेल्या चादरी गोळा करत तिथून चालली होती. तिने प्लेट पाहिली, चादर पाहिली, आणि जाता जाता विचारलं, "ही कोरी होती का?"

आमच्या घरात तीन पिढ्या धुण्याचं काम चालतं. कोरं सुती कापड पहिल्या उकळीला आटतं, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, हे या घरात बोलायला लागण्याआधी कळतं. गिऱ्हाइकांना आम्हीच बजावतो, की आधी धुवा, मग शिवा. चादरीवरचा गोल लांबट झाला होता, आणि त्याबरहुकूम आम्ही अर्ध्या बोटाइतकं जाड लोखंड कापून घेतलं होतं. लोखंड आटवणारी लाँड्री जगात आमचीच असेल. तुझा भाचा आभाळाकडे बघत राहिला. आभाळात काही नव्हतं, मीही पाहिलं.

दुसरी प्लेट पुठ्ठ्यावरून कापली. ती बसली. खांब पुन्हा पक्के गाडून इंजिनही आत गेलं. गाडीने लगेच तोंड खाली घातलं, कारण तुझं इंजिन आमच्या जुन्या इंजिनाहून चांगलंच जड आहे (तुमच्याकडचं सगळंच जड). मग पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. बॉनेट लागेना, म्हणून ते वाळवणाच्या दोरीने बांधलं. रविवारी दुपारी तुझ्या भाच्याने किल्ली फिरवली. जमीन हलली, टेबलावरची इस्त्री चालत कडेपर्यंत आली, आणि इंजिन सुरू झालं. सूनबाईसुद्धा हसली. (नाही म्हणते. मी तिच्याकडे पाहत होते, ती इंजिनाकडे. कोणाला जास्त माहीत?)

मग त्याने किल्ली बंद केली. इंजिन चालूच राहिलं.

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. तरी चालू. खाली उतरला, दार लावलं, दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला, पाहुणा निघत नसेल तर आपणच दिवा मालवावा तसा. इंजिनाला काही फरक पडला नाही. जुनी डिझेल इंजिनं किल्लीने बंद होत नाहीत, त्यांची एक तार असते, ती ओढली की डिझेल तुटतं, हे तू ताडपत्री बांधताना सांगायला विसरलास; तार तर पाठवायलाच विसरलास. शेवटी सूतभराने हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर टॉवेलची जाड घडी दाबून धरली. इंजिनाने टॉवेल चाखून पाहिला, एकदोनदा ठसकलं आणि गप्प झालं. टॉवेल न्हाव्याचा होता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तार केली, वाळवणाच्या तारेचा तुकडा तोडून. पण इंजिनाची ती कळ नेमकी ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला आहे, आणि तुकडा आखूड होता. त्यामुळे तार आत आली ती शेजारच्या सीटच्या पायाशी. म्हणजे गाडी चालवणार एक आणि थांबवणार दुसरा. तुझा भाचा म्हणाला, तात्पुरतं आहे. या घरात तात्पुरतं म्हणून जे जे आलं ते सगळं अजून आहे, त्यात मीही धर. सूनबाईला सकाळी बॉयलर सोडता येत नाही, सूतभराला त्याचं दुकान. रिकामं कोण, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तर सोमवारी मी तुझं इंजिन थांबवायला निघाले. मांडीवर रुमाल, हातात तारेची कडी. गाडी अशी थरथरत होती की आरशात मागचा एक रस्ता चार रस्ते होऊन दिसायचा. वेग म्हणशील तर एक पाववाला सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघून गेला. तुझा भाचा त्याला काहीतरी वाईट बोलायला लागला, म्हणून मी तार ओढली. गाडी चौकाच्या मध्यात थांबली. माझा डोळा लागला आणि हात ओढला गेला, असं तो सगळ्यांना सांगत फिरतोय. मी पूर्ण जागी होते. शिकवण्यासाठी ओढली. आता तो रस्त्यात कोणाला शिवी देत नाही, एवढा फायदा तुझ्या इंजिनाचा मला मान्य करायला हवा.

चादरी बदलायच्या आत पोचलो. मेट्रनबाई दारात होत्याच. त्यांनी वरच्या गठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि बोट आम्हाला दाखवलं. काळं. तुझ्या इंजिनाचा धूर, धाकट्या. नळी मागे, चादरी भरतो त्या गाडीच्या हौद्याखाली संपते, आणि सगळी काजळी उलटून वर येऊन बसते. खालच्या चादरी स्वच्छ होत्या, वरचा थर राखाडी. तुझ्या भाच्याचा चेहराही तसाच. मग बाईंनी आणखी विचारलं, की कोऱ्या गठ्ठ्यातली एक चादर कमी आहे, ती कुठे गेली? तो बूट बघायला लागला. कोणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी खाली उतरले आणि चादरीचं काय झालं ते खरं खरं सांगितलं, ठशापासून प्लेटपर्यंत. ऐकता ऐकता बाई गठ्ठ्यावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मग पदराने डोळे पुसून आत गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, चालू द्या, कायमचं काय ते नंतर सांगते.

तेव्हापासून रोज सकाळी हे चाललंय. सूतभराने धुराची नळी वळवून वर नेली आहे, छपरापर्यंत. गाडी येते तेव्हा लांबून कारखाना आल्यासारखं वाटतं. काजळी थांबली म्हणतात. पण मेट्रनबाईंचा शेवटचा शब्द काही आला नाही, आणि तो येईपर्यंत सूनबाईचा जीव टांगणीला. असो. इकडचं हे असं आहे. प्रकृतीला जप. जास्त मिरची खाऊ नकोस, तुला सोसत नाही आणि तू ते मान्य करत नाहीस.

तुझी थोरली बहीण

ता. क. – आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू तुझं इंजिन परत माग. काहीही कारण सांग, तुला थापा चांगल्या येतात. तुझा भाचा माझं ऐकणार नाही, बायकोचं तर नाहीच, पण मामाने मागितलं तर एका शब्दाने काढून देईल, आणि त्याला हरल्यासारखंही वाटणार नाही. जुनं पेट्रोलचं दुरुस्त होतंय, मी सूतभराला आडून विचारलं. सूनबाईचं काम त्या धुरापायी गेलं तर हे घर उभं राहणार नाही. शिवाय मी या वयात गाडीचं बटण होऊन बसले आहे, ते वेगळंच. लोक हसतात. मी जरा आतून शाईचं पॅड घेऊन येते, अंगठा उठवायला.

ता. क. २ – मामा, सा. न. आई आत गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते. कृपा करून इंजिन मागू नका. मेट्रनबाईंनी परवाच मला बोलावून सांगितलं, की काम आपल्याकडेच राहणार. चादरीची गोष्ट ऐकून त्यांना चक्कर आली नव्हती, त्या हसत होत्या, सगळ्या वॉर्डात त्याची चर्चा झाली. आता त्या रोज गाडीची वाट बघत दारात थांबतात आणि माल उतरेपर्यंत आईंशी बोलत बसतात. मला म्हणाल्या, चादरी कोणीही धुवेल, पण आजी यायला हव्यात. हे मी आईंना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्या म्हणतील, माझ्यावर मेहरबानी नको. तार ड्रायव्हरच्या बाजूला घेणं अगदी सोपं आहे असं टर्नर म्हणाले, मीच त्यांना राहू द्या म्हटलं. नात नोकरीला गेल्यापासून आई सकाळी उठायच्याच नाहीत, मामा. आता आम्ही उठायच्या आत केस विंचरून गाडीत बसलेल्या असतात.

ता. क. ३ – अंगठा उठवला आहे, खाली बघ. मला अक्षर कळत नाही, पण मी आत गेले तेव्हा कागद किती रिकामा होता ते कळतं, आणि आता अंगठ्याला जागा शोधावी लागली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. आम्हा दोघींत एकीचंच ऐकायचं झालं तर तिचं ऐक. आणि इंजिन नेलंसच, तर तार तेवढी इथे ठेवून जा.